घोडबंदर रोडवरचं घर, ३९,३०० चा हप्ता आणि दोन वेगळे कागद: एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

एका सहकारी पतसंस्थेच्या कर्ज विभागात मी बावीस वर्षं काम केलं. निवृत्तीनंतर शनिवारी दुपारी ओळखीतल्या कुटुंबांच्या हिशेबाला मदत करते. हे प्रकरण त्यातलंच आहे. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील बदलले आहेत. पैशांचे आकडे मात्र जसेच्या तसे ठेवलेत, कारण या प्रकरणात जे काही शिकण्यासारखं आहे ते आकड्यांतच आहे.

पार्श्वभूमी

संजय ३८ वर्षांचा, अंधेरीला मरोळच्या एका कंपनीत हिशेब विभागात. एकूण पगार ७०,०००, हातात ६२,०००. शुभदा ३५ वर्षांची, डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) झालेली, ठाण्यात नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये २४,००० रुपयांवर. मुलगी चौथीत, मुलगा पाच वर्षांचा, शिवाय संजयची आई. सहा वर्षं कळव्याला भाड्याने राहून ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी घोडबंदर रोडवर वन बीएचके घेतला. किंमत ६२ लाख, त्यात ४८ लाख कर्ज, मुदत २० वर्षं, बदलता व्याजदर ६.९ टक्के, हप्ता ३६,९२६.

त्या वर्षी गृहकर्ज इतकं स्वस्त होतं की 'आत्ता नाही घेतलं तर कधीच नाही' असं प्रत्येकाला वाटत होतं. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, तेव्हा ४ टक्के होता आणि यांचं कर्ज त्या दराला बांधलेलं होतं. दर वाढला तर काय होईल, हे त्यांना कुणी कागदावर मांडून दाखवलं नव्हतं. हप्ता तेव्हाच दोघांच्या मिळून पगाराच्या निम्म्यावर होता. घर लावायला नोव्हेंबर २०२१ मध्ये तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज काढलं, चार वर्षांचं, महिना ८,२००.

अडचण

जून २०२४ मध्ये शुभदा एकटीच आली. शाळेच्या फीचा पहिला हप्ता क्रेडिट कार्डावर भरला होता आणि ते कार्ड आता पुढे चालत नव्हतं. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी दोघं या. दोघांनी घरी वेगवेगळं बसून, एकमेकांना न विचारता, महिन्याचा खर्च वेगवेगळ्या कागदावर लिहून आणा.

संजयच्या कागदाची बेरीज ९४,००० होती, शुभदाची ९२,६००. दोन्ही कागद शेजारी ठेवून एक यादी केली तेव्हा खर्च निघाला १,०३,५००. घरात येत होते ८६,०००.

संजयच्या कागदावर भिशीचे ३,००० नव्हते. शुभदा वीस जणींच्या भिशीत होती आणि तिने आपली भिशी पहिल्याच वर्षी उचलून बसचे आणि फीचे पैसे भरले होते. आता फक्त भरणं उरलं होतं. वाणसामान, दूध, भाजी त्याने ८,००० धरलं होतं, प्रत्यक्षात ते १४,५०० होतं. शुभदाच्या कागदावर संजयच्या दुसऱ्या कार्डाचे ५,५०० नव्हते, कारण दुसरं कार्ड आहे हेच तिला माहीत नव्हतं. गावी धाकट्या भावाला जाणारे २,००० आणि संजयच्या येण्याजाण्याचे ३,४०० हेही नव्हते. बराच वेळ दोघंही एकमेकांकडे न बघता कागदाकडे बघत बसले. मग शुभदा म्हणाली, "काकू, मी भिशीचं सांगितलं नाही कारण हे रागावतील. यांनी कार्डाचं सांगितलं नाही कारण मी घाबरेन. तेवढंच."

यादी अशी होती: गृहकर्ज ३९,३००, सोसायटीचा मेंटेनन्स ४,२००, मुलीची फी आणि बस ८,३००, मुलाचा बालवर्ग ३,५००, घरखर्च १४,५००, वीज-फोन-इंटरनेट ३,८००, दोघांचा प्रवास ४,६००, आईंची बीपी-साखरेची औषधं २,६००, गाव २,०००, दोन कार्डं मिळून ९,५००, वैयक्तिक कर्ज ८,२००, भिशी ३,०००. महिन्याला १७,५०० कमी पडत होते आणि ते कार्डावर जात होते. दोन्ही कार्डांवरची बाकी २,४०,००० झाली होती, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे नुसत्या व्याजाचेच ८,४००.

पण मला जास्त धक्का बसला तो गृहकर्जाच्या उताऱ्याने. मे २०२२ पासून रेपो दर वाढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर गेला. त्यामागोमाग यांचा दर ६.९ वरून ९.४ झाला. त्या वेळी ४६ लाख ६० हजार बाकी होती. तिचं एका महिन्याचं व्याज ३६,५००, हप्ता ३६,९२६. मुद्दलात जात होते चारशे रुपये. त्या गतीने कर्ज फिटायला पन्नास वर्षं लागली असती. बँकेने मुदत ताणून आणखी २८ वर्षांवर नेली आणि हप्ता ३९,३०० केला. तसं पत्र आलं होतं, मोबाइलवर संदेशही आला होता. संजयने हप्ता वाढल्याचं पाहिलं, मुदतीचं पाहिलंच नाही. जुलै २०२४ पर्यंत ३५ हप्ते भरून झाले होते, एकूण सव्वातेरा लाख रुपये. मुद्दल उतरलं होतं पावणेदोन लाखांच्या थोडं वर.

संजय स्वतः हिशेब विभागात काम करतो. तरी त्याने हा उतारा तीन वर्षांत एकदाही काढला नव्हता. मी याचा दोष त्याला देत नाही. पतसंस्थेत असे कितीतरी हिशेबनीस पाहिलेत, दुसऱ्यांची खाती चोख ठेवणारे आणि स्वतःच्या खात्याकडे बघायला घाबरणारे.

समोर असलेले पर्याय

घरखर्चात कपात करण्याचा पर्याय शुभदानेच आधी मांडला आणि मी तो पंधरा मिनिटांत बाजूला ठेवला. पाच माणसांचं १४,५०० मध्ये ती आधीच नेटाने भागवत होती. त्यातून हजारभर निघाले असते, खड्डा साडेसतरा हजारांचा होता.

दुसरा पर्याय घर विकण्याचा. हिशेबात हाच पहिला येत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. घराला ६८ लाख येत होते. कर्ज फेडून, बदलापूरला ३५ लाखांचं घर घेऊन, मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली सगळं वजा केलं तरी नवं कर्ज साडेसतरा लाखांच्या आसपास राहिलं असतं आणि हप्ता १५,००० च्या घरात. महिन्याला चोवीस हजारांची सुटका.

तिसरा, ठाण्याचं घर भाड्याने देऊन स्वतः बदलापूरला भाड्याने राहण्याचा. इथे २१,००० मिळाले असते, तिथे ८,५०० द्यावे लागले असते. वरवर १२,५०० वाचतात. पण मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क, दोन्हीकडची दलाली आणि सामान हलवणं दोन वर्षांत वाटलं तर महिन्याला दोन हजार, वाढीव प्रवास १,४००. उरतात जेमतेम नऊ हजार.

चौथा पर्याय कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याचा. तेव्हा साडेआठ टक्क्यांच्या आसपास नवी गृहकर्जं मिळत होती. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड लावता येत नाही, त्यामुळे जुनी बँक अडवू शकत नव्हती. अडचण अशी की कार्डं मर्यादेपर्यंत वापरलेली असल्याने संजयचा सिबिल गुणांक, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून बँका बघतात ती पत, घसरला होता. त्या गुणांकावर कुणी चांगला दर देणार नव्हतं.

पाचवा पर्याय सोन्याचा. शुभदाच्या माहेरच्या पाटल्या होत्या, चार तोळ्यांच्या. विकायच्या की तारण ठेवायच्या?

आईंनी त्याच दिवशी फोन करून स्वतःची १,२०,००० ची ठेव मोडायची तयारी दाखवली. ती मोडायची नाही, हे मी एकटीने ठरवलं आणि दोघांनी ऐकलं. म्हाताऱ्या माणसाची शेवटची ठेव मुलांच्या कार्डात घालून मी पतसंस्थेत काय काय होताना पाहिलंय, ते मला पुन्हा पाहायचं नव्हतं.

बदलापूरला का गेले नाहीत

या निर्णयावर आम्ही तीन शनिवार घालवले. संजयचा कल जाण्याकडे होता आणि त्याच्याकडे कारणही होतं. घोडबंदरवरून ठाणे स्टेशनला पोचायलाच त्याला पाऊण तास लागे. मेट्रो ४ च्या कामाने रस्ता अडलेला असला की त्याहून जास्त. पुढे घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका. एकूण पावणेदोन तास. बदलापूरहून सरळ गाडीत बसला असता तर दोन तास. पंधरा मिनिटांचा फरक.

मग मी शुभदाचा दिवस मांडायला सांगितला. ती घरून लॅबला पस्तीस मिनिटांत पोचत होती. बदलापूरहून सव्वा ते दीड तास लागला असता, तोही सकाळच्या गाडीत. लॅब सातला उघडते. तिच्या हातात त्याच वेळी ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची नोकरी होती, ३१,००० पगाराची, पण दोन पाळ्यांची. दुसरी पाळी रात्री नऊला सुटणार. बदलापूरला राहून ती नोकरी घेता येणं शक्य नव्हतं. म्हणजे भाड्याच्या पर्यायात वाचणाऱ्या नऊ हजारांतले सात हजार तिथेच गेले.

कागदावर घरभाडं, हप्ता, पास हे सगळं येतं. घरातल्या बाईचे दोन तास आणि तिची न घेतलेली नोकरी येत नाही. स्वस्त घराची किंमत संजयपेक्षा शुभदा भरणार होती आणि पहिल्या दोन शनिवारी आम्ही तिघांपैकी कुणीच ते बोललो नव्हतो, तीसुद्धा नाही.

घर विकण्याच्या पर्यायाला हे उत्तर पूर्ण पुरत नाही. तिथे सुटका चोवीस हजारांची होती, सात हजार वजा करूनही सतरा उरतात. तो त्यांनी नाकारला तो दुसऱ्या कारणांनी: मुलीची शाळा, आईंचे डॉक्टर, आणि एकदा ठाणे सोडलं की परत येता येणार नाही ही भीती. ती भीती खोटी नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं की १८ महिन्यांत खड्डा भरला नाही तर विकायचं, आणि ती तारीख दोघांनी वहीत लिहिली: डिसेंबर २०२५.

केलेल्या गोष्टी, क्रमाने

पहिली गोष्ट अनपेक्षित होती. संजयचा फॉर्म १६, म्हणजे कंपनीने दिलेला करकपातीचा दाखला, पाहिला तर कर नव्या पद्धतीने कापलेला. कंपनीने एप्रिलमध्ये विचारलं होतं, त्याने कळवलं नाही, म्हणून आपोआप नवी पद्धत लागली. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजाची वजावट मिळत नाही. जुन्या पद्धतीत दोन लाखांपर्यंत मिळते, शिवाय भविष्य निर्वाह निधी, मुलीची शिकवणी फी आणि कर्जाचं मुद्दल मिळून दीड लाख. ८,४०,००० च्या वार्षिक पगारावर नव्या पद्धतीत ३५,३६० कर होत होता, जुन्या पद्धतीत करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत येऊन शून्य. पगारदाराला विवरणपत्र भरताना पद्धत बदलता येते, पण मुदतीच्या आत. ३१ जुलै २०२४ च्या चार दिवस आधी विवरणपत्र भरलं. ऑगस्टमध्ये परतावा आला. तो कार्डात घालायचा मोह दोघांनाही झाला. आम्ही तो वेगळ्या बचत खात्यात ठेवला, कारण घरात अडीअडचणीला एक रुपया नव्हता आणि पुढची अडचण पुन्हा कार्डावरच गेली असती.

मग पाटल्या. माझा सल्ला विकण्याचा होता. खड्डा अजून भरलेला नसताना सोनेतारणाचं व्याज हा आणखी एक हप्ता झाला असता. शुभदाही म्हणाली की तिच्या माहेरी तारण ठेवलेलं सोनं कधी सुटून आलेलं तिने पाहिलं नाही. जुलैभर विचार चालला. २३ जुलैच्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं सीमाशुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि काही दिवसांत भाव दहा ग्रॅममागे चारएक हजारांनी पडला. ऑगस्टमध्ये घट जाऊन २,४५,००० आले. दोन्ही कार्डं त्याच आठवड्यात फेडली. एक कार्ड बंद केलं, दुसऱ्याची मर्यादा ३०,००० करून घेतली. ते कार्ड शुभदाच्या पाकिटात राहतं.

कार्डांचे ९,५०० सुटून खर्च ९४,००० वर आला. ऑक्टोबरमध्ये शुभदाने रुग्णालयातली नोकरी घेतली, सात हजार वाढले. संजयने स्टेशनपर्यंतची रिक्षा सोडून टीएमटीची बस धरली, तेराशे वाचले. अंतर जवळपास भरलं. हे बोलायला सोपं आहे. दुसऱ्या पाळीच्या दिवशी संजय साडेआठला घरी पोचून पोळ्या लाटायला शिकला, आणि आईंनी आयुष्यात पहिल्यांदा मुलाला लाटणं हातात घेतलेलं पाहून दोन दिवस अबोला धरला. तोही या हिशेबाचा भाग आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आई मोरीत घसरून पडल्या, मनगट मोडलं. प्लास्टर, तपासण्या, औषधं मिळून ३१,०००. परताव्याच्या खात्यातून गेले. कार्डाला हात लागला नाही.

कार्डं फिटल्यावर पाच महिन्यांनी गुणांक सुधारला. आधी स्वतःच्याच बँकेला दर कमी करायला सांगितलं, ते झालं नाही. जानेवारी २०२५ मध्ये एका सरकारी बँकेने ४६ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतलं. मूल्यांकन, वकील, मुद्रांक मिळून २७,००० लागले, ते दिवाळीच्या बोनसमधून. मुदत २० वर्षंच ठेवायची असा माझा आग्रह होता. हप्ता झाला ३९,९२०. म्हणजे महिन्याला सहाशे रुपये जास्त देऊन सुमारे सहा वर्षांचे हप्ते कमी झाले.

फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर ५.५ टक्क्यांवर आला, यांचा दर साडेसातवर. बँकेने हप्ता कमी करण्याचा पर्याय दिला. या वेळी संजयने पत्र वाचलं आणि हप्ता तोच ठेवायचं कळवलं. उरलेली मुदत १७ वर्षांच्या आत आली.

मुलाची शाळा हा सगळ्यांत कडवट निर्णय होता. मुलगी इंग्रजी माध्यमात, वर्षाची फी ७८,०००. जून २०२५ मध्ये मुलगा पहिलीत जाणार होता. शुभदाने चालत जाण्याच्या अंतरावरची अनुदानित शाळा निवडली, मराठी माध्यम आणि पुढे सेमी इंग्रजी. संजयला ते अन्यायाचं वाटलं: "बहिणीला एक आणि भावाला दुसरं?" मी यात मत दिलं नाही. शेवटी मुलगा तिथे गेला. आजी त्याला सोडते आणि आणते. महिन्याला ३,१०० वाचतात.

परिणाम

मार्च २०२५ पासून भिशी संपली. एप्रिलपासून नव्या करपद्धतीतच बारा लाखांपर्यंत कर शून्य झाल्याने पगारातली २,३०० ची कपात थांबली. नोव्हेंबरमध्ये वैयक्तिक कर्जाचा शेवटचा हप्ता गेला. संजयची पगारवाढ झाली, ती मुलीच्या फीवाढीत, मेंटेनन्समध्ये आणि तेल-डाळीत विरली. वहीत लिहिलेल्या डिसेंबर २०२५ ला महिन्याकाठी सोळा हजारांच्या आसपास उरत होते. घर विकायचा विषय त्यांनी बंद केला.

वेगळं काय करता आलं असतं

सोन्याबाबत माझा सल्ला चुकला. एप्रिल २०२५ मध्ये चोवीस कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला एक लाखावर गेला. त्याच पाटल्यांचे तेव्हा लाखाहून जास्त वर आले असते. भाव वाढणार हे मला माहीत नव्हतं, ते कुणालाच सांगता येत नाही. पण भाव बाजूला ठेवला तरी मधला मार्ग होता: पाटल्या तारण ठेवून १,८०,००० घ्यायचे, त्यात परतावा आणि बोनस घालून कार्डं फेडायची. तारणाचं व्याज महिन्याला दीड हजारांच्या आत राहिलं असतं आणि शुभदाला नोकरी लागल्यावर ते झेपलंही असतं. मी तेव्हा तिची नवी नोकरी हिशेबात धरली नाही, फक्त त्या महिन्याचा खड्डा पाहिला. साडेतीन टक्क्यांचं व्याज त्याच आठवड्यात थांबवणं मात्र बरोबर होतं, एवढं मी आजही म्हणेन.

घर विकण्याचा पर्याय आम्ही भीतीपोटी लवकर सोडला का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. शुभदाला ३१,००० ची नोकरी लागली नसती तर सारं गणित कोसळलं असतं. एका माणसाच्या एका नोकरीवर सगळा डाव होता आणि आम्ही पर्यायी व्यवस्था ठेवली नव्हती.

२०२१ मध्ये कर्ज घेताना दर अडीच टक्क्यांनी वाढला तर हप्ता किती होईल, हे एकदा काढायला हवं होतं. मूळ मुदत टिकवायची तर २०२३ मध्ये तो ४४,५०० व्हायला हवा होता. तेव्हाच्या पगारात तो बसत नव्हता, म्हणजे ४८ लाखांचं कर्जच बसत नव्हतं. ३५ लाखांचं बसलं असतं, पण तेवढ्यात घोडबंदरला घर येत नव्हतं. त्यांनी आणखी तीन वर्षं कळव्याला राहायला हवं होतं, असं म्हणताना मला जड जातं, कारण त्या दोन खोल्यांत पाच माणसं कशी राहत होती ते मी पाहिलं आहे.

आता प्रश्न उरलेल्या सोळा हजारांचा आहे. संजयला ते कर्जात भरायचे आहेत. शुभदाला दर महिन्याला एक ग्रॅम सोनं घ्यायचं आहे. जून २०२६ मध्ये मुलगी सहावीत जाईल आणि फी पुन्हा वाढेल. पुढच्या शनिवारी दोघं परत वेगवेगळे कागद लिहून आणणार आहेत.